झाकणाची जुनी नक्षीदार भांडी : उपयोग, पारख आणि निगा

वाडवडिलांच्या घराची आवराआवर करताना चिनी मातीचे किंवा चांदीसारखे दिसणारे, नक्षीच्या झाकणाचे एखादे मोठे भांडे हाती लागते आणि ते नेमके कशासाठी होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मुंबईतील पारशी कुटुंबे, संस्थानिकांचे वाडे, बंगलेवाले अधिकारी आणि गोव्यातील जुनी घरे यांच्याकडे अशी भांडी मोठ्या संख्येने होती. गोव्यात मकावमार्गे चिनी पोर्सेलिन येत असे, तर मुंबईत काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांतून विलायती माल मिळत असे. आमच्या मते ही भांडी काचेच्या कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा पानावर वाढण्यासाठी वापरणेच योग्य. मात्र प्रत्येक भांड्याची घडण वेगळ्या कामासाठी झालेली असल्याने, कशात काय वाढावे आणि काय वाढू नये, हे आधी समजून घ्यावे.

युरोपात अठराव्या शतकापर्यंत श्रीमंतांच्या घरी एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच मेजावर मांडण्याची पद्धत होती. पाहुणे बसेपर्यंत, आणि नंतर एकेक पदार्थ फिरेपर्यंत, तो गरम राहावा म्हणून झाकण लागे, आणि भांडे सतत सर्वांच्या नजरेसमोर असल्याने त्यावर नक्षीही लागे. पुढे एकोणिसाव्या शतकात नोकराने एकेक पदार्थ आणून वाढण्याची रीत रूढ झाली, तेव्हा यातील बरीच भांडी बाजूच्या टेबलावर गेली. पंगतीत वाढपी फिरत असेल तर त्यांचे फारसे काम नाही. परंतु आज आपल्या घरी पाहुणे आले की सगळे पदार्थ टेबलावर मांडून ज्याने त्याने वाढून घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिला ही भांडी अगदी चपखल बसतात.

दुरुस्तीसाठी आमच्याकडे सर्वाधिक येते ते धातूचे लांबट किंवा चौकोनी, उथळ, झाकणाचे भांडे. इंग्रजीत त्याला आंत्रे डिश म्हणतात. त्याच्या झाकणावरील मूठ थोडी फिरवून वर उचलली की बहुधा सुटून येते. मूठ काढलेले झाकण उलटे ठेवले की ते स्वतःच दुसरे उथळ भांडे होते, म्हणजे एका नगात दोन पदार्थ वाढता येतात. जोडीने किंवा चौकडीने विकल्या गेलेल्या भांड्यांत मूठ आणि झाकण यांवर पुष्कळदा सारखेच आकडे किंवा ठिपके कोरलेले असतात. ते जुळवूनच मूठ बसवावी, कारण दुसऱ्याची मूठ बळेच फिरवल्यास आतली खाच झिजते आणि मग मूठ हातात राहून झाकण पानात पडते. या भांड्यात मसालेभात, कोरडी भाजी, बटाट्याचे काप असे पदार्थ उत्तम राहतात. पातळ रस्सा मात्र त्याच्या उथळ काठावरून सांडतो.

याच वर्गातील काही भांड्यांना खाली गरम पाण्याचा वेगळा कप्पा असतो. मफिन डिश नावाचे गोल भांडे याच प्रकारचे असून त्यात तळाचा कप्पा, वरची थाळी आणि घुमटासारखे झाकण असे तीन भाग येतात. कप्प्यात उकळते नव्हे, तर चांगले कडकडीत गरम पाणी अर्ध्यापेक्षा थोडे अधिक भरावे. उकडीचे मोदक, इडल्या आणि मऊ पोळ्या यात सुकत नाहीत. भजी, वडे किंवा कोथिंबीर वडी मात्र झाकणाखाली मुळीच ठेवू नये, कारण वाफेचे पाणी होऊन ती पाच मिनिटांत लिबलिबीत होतात. या बाबतीत कोणतेही किमती झाकण काही करू शकत नाही.

चिनी मातीच्या खोल, दोन कानांच्या भांड्याला ट्युरीन म्हणतात. मोठे ट्युरीन सुपासाठी आणि लहान ट्युरीन सॉससाठी असे. झाकणाच्या काठाला अर्धगोल खाच असेल तर ती ओगराळ्याच्या दांड्यासाठी आहे असे समजावे. खाच नसलेल्या झाकणाखाली डाव अडकवून ठेवू नये, काठाचा टवका उडतो. मोठ्या ट्युरीनमध्ये कटाची आमटी, कढी किंवा आमरस, तर लहानात साजूक तूप किंवा गुळवणी शोभते. गरम पदार्थ ओतण्यापूर्वी भांडे आधी कोमट आणि मग गरम पाण्याने विसळून घ्यावे. थंड भांड्यात उकळती आमटी ओतली की जुनी झिलई तडकते. स्टीलच्या डावाऐवजी लाकडी डाव बरा. सोनेरी किनारीचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये कदापि ठेवू नये. भांडे उचलताना दोन्ही हात तळाखाली घालावेत. शंभर वर्षांपूर्वी चिकटवलेल्या कानांवर भरलेल्या आमटीचे वजन टाकणे आम्हाला तरी धाडसाचे वाटते.

काही झाकणांवर ससा, बदके आणि तितर मेलेल्या अवस्थेत कोरलेले दिसतात व शाकाहारी घरांत त्यावरून नाके मुरडली जातात. ती शिकारीच्या मांसाच्या ‘पाय’साठी, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेल्या विलायती पदार्थासाठी, केलेली भांडी होत. इंग्लंडमध्ये 1800 च्या सुमारास गव्हाची टंचाई झाली, तेव्हा ‘पाय’च्या जाड कवचावर पीठ खर्च करण्याऐवजी वेजवुडच्या कारखान्याने भाजलेल्या कवचासारख्याच दिसणाऱ्या पिवळसर मातीच्या भांड्यांचे उत्पादन केले. अशा भांड्यात पुष्कळदा आत वेगळे साधे भांडे बसवलेले असते, आणि ते शाबूत असेल तर पुलाव वाढायला काहीच हरकत नाही. झाकणावरच्या सशाकडे पाहुण्यांचे लक्ष जाईल, एवढे गृहीत धरावे.

अन्न वाढण्याआधी भांड्याची आतली बाजू उजेडात नीट पाहावी. चिनी मातीच्या भांड्याच्या झिलईवर जाळीसारख्या बारीक चिरा असतील, किंवा जुन्या रंगीत झिलईत शिसे असण्याची शक्यता असेल, तर त्यात आंबट, गरम किंवा फार वेळ राहणारे काही ठेवू नये. फळे, कागदात गुंडाळलेली मिठाई किंवा तिळगूळ यांसाठी ते वापरावे. गोंदाने जोडलेल्या भांड्यालाही हाच नियम लागू होतो. धातूच्या भांड्याचा आतला मुलामा झिजून खालचा पिवळसर किंवा तांबूस धातू दिसत असेल, तर चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू किंवा ताक घातलेले पदार्थ त्यात थेट वाढू नयेत. त्या मापाचे काचेचे भांडे आत बसवले की अडचण मिटते. आणि झाकण असले तरी ते अन्न टिकवण्याचे साधन नव्हे: शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच बाहेर ठेवू नये.

आपले भांडे चांदीचे आहे का, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि उत्तराने बहुतेकांची निराशा होते. तळाशी ई.पी.एन.एस. ही अक्षरे असतील तर ते जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेले भांडे आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये घेतले. त्याआधीची शेफील्ड प्लेट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून केलेली वस्तू. तिच्या कडांवर तांबूस छटा दिसू लागते. अशा वस्तूवर नव्याने मुलामा चढवल्यास संग्राहकांच्या दृष्टीने तिची किंमत घटते, म्हणून आम्ही तसे काम शक्यतो नाकारतो. ई.पी.बी.एम. ही अक्षरे असतील तर खालचा धातू प्रामुख्याने कथिलाचा आणि मऊ आहे, त्यामुळे ते भांडे गॅसवर ठेवल्यास वितळेल. इंग्लिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा शिक्का असतो. चिनी मातीच्या भांड्याखाली इंग्लंड हा देशाचा शब्द छापलेला असल्यास ते सहसा 1891 नंतरचे असते.

मुलाम्याची भांडी राख, रांगोळी किंवा तांब्या-पितळेच्या पावडरीने घासू नयेत, कारण चांदीचा थर अत्यंत पातळ असतो. प्लास्टिकच्या टबात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर भांडे ठेवावे, खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ घातलेले गरम पाणी ओतावे आणि काही मिनिटांनी भांडे धुऊन मऊ फडक्याने लगेच कोरडे करावे. चांदीवरचे काळे गंधकाचे संयुग फॉइलशी होणाऱ्या प्रक्रियेने निघून जाते आणि चांदी जागेवरच राहते. लाकडी मुठीचे किंवा पोकळ, आत लाख भरलेले भाग मात्र या पाण्यात बुडवू नयेत. अंडी, कांदा आणि लसूण यांमुळे काळपटपणा लवकर येतो, म्हणून जेवण आटोपल्यावर भांडे रात्रभर तसेच ठेवू नये.

दुरुस्तीसाठी आणताना भांडे, झाकण आणि सुटी मूठ असे सर्व भाग एकत्र आणावेत, कारण झाकणाची बैठक भांड्यावर ठेवल्याशिवाय तपासता येत नाही. ते भाग सुती कापडात स्वतंत्रपणे गुंडाळावेत आणि वर रबर बँड लावू नये. रबरातील गंधकामुळे चांदीवर पडलेला काळा पट्टा काढणे हे मूळ दुरुस्तीपेक्षा कधीकधी जास्त खर्चाचे ठरते.