नैराश्याची गोळी आणि शुगर: त्रास एक, कारणं दोन

मिरजेला तपासणीसाठी येणाऱ्या मधुमेही माणसाच्या पिशवीत पुष्कळदा दोन फायली असतात, एक शुगरची आणि एक मनाच्या आजाराची. चक्कर आली, घाम फुटला, तोंड कोरडं पडलं, की दोष कुणाचा हे दोन्हीपैकी एका फायलीवरून कळत नाही. नैराश्याची औषधं कशी सापडली आणि प्रत्येकाने साखरेला काय केलं, हे पाहिलं की बराच उलगडा होतो.

दीर्घ दुःखामुळे मधुमेह होतो, असं थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 17व्या शतकातच लिहून ठेवलं होतं. कारण म्हणून ते पुरतं टिकलं नाही, पण मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं, हे आज मान्य आहे.

नैराश्यावरचं पहिलं औषध मुळात क्षयाचं. वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयामुळे सांगली-मिरजेला तो आजार चांगला परिचयाचा. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या अशाच एका रुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेले रोगी अचानक उत्साही दिसू लागले, आणि 1957 पासून ते नैराश्यावर वापरात आलं. यकृताला इजा होते म्हणून ते मागे पडलं. याच गटातल्या औषधांनी इन्शुलिनचा जोर वाढून साखर एकदम खाली जाते, हे 1960च्या दशकात लक्षात आलं.

दुसरी वाट स्वित्झर्लंडमधली. रोलंड कुन यांनी 1957 मध्ये इमिप्रामिनचा गुण नोंदवला; 1961 मध्ये अमेरिकेत अॅमिट्रिप्टिलिन आलं. हे दुसरं औषध मधुमेहींच्या घरात वेगळ्याच दाराने शिरलं: तळपायांच्या आगीवर. 1977 मध्ये त्या उपयोगाची नोंद झाली आणि आजही रात्रीची 10 मिलिग्रॅमची गोळी त्यासाठी सर्रास दिली जाते. म्हणून ‘मी मनाची गोळी घेत नाही’ म्हणणाऱ्याच्याही चिठ्ठीत ती असू शकते.

मधुमेहीला सर्वाधिक जपावं लागतं ते याच गोळीला. तिने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते, उठताना रक्तदाब उतरतो. जुन्या मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की हेच त्रास गोळीविनाही होतात; दोन्ही एकत्र आले की माणूस पहाटे लघवीला उठताना पडतो. बसून रक्तदाब मोजावा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा त्याहून जास्त उतरला तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. कोरडीवर उसाचा रस किंवा लिमलेटच्या गोळ्या नकोत. पाण्याचे घोट घ्यावेत, बिनसाखरेची बडीशेप चघळावी. या गोळीने आणि मिर्टाझापिन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाने भूक खवळते. रात्रीचं भडंग दुप्पट होतं आणि वजनासोबत उपाशीपोटीची साखरही चढते. दर आठवड्याला, त्याच काट्यावर वजन करावं.

1987 अखेर फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि चित्र बदललं. वजनाचा प्रश्न हलका झाला, पण साखर खाली जाण्याचा धोका पुढे आला. हे औषध चालू असताना साखर उतरू शकते आणि बंद केल्यावर चढू शकते. ते शरीरातून जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे बंद केल्याचा परिणाम महिन्याभराने दिसला तर नवल नाही. सुरुवातीच्या मळमळीचा सापळा वेगळाच. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनेही पोट ढवळतं, दोन्ही मिळून जेवण जात नाही. भाकरी अर्धी खाल्ली आणि ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन मात्र पूर्ण घेतलं, की साखर कोसळते. अशा दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावं. फ्लुओक्सेटिन आणि मेटफॉर्मिन जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते आणि ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते.

2004 मध्ये ड्युलोक्सेटिन नैराश्य आणि मधुमेही नसांच्या वेदना या दोन्हींसाठी मंजूर झालं. कॅप्सूल फोडून घेऊ नये. रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर किंचित वाढू शकते, तेव्हा दोन्हींवर नजर हवी.

नैराश्याची गोळी अचानक बंद केली तर घाम, थरथर, चक्कर, बेचैनी येते. साखर उतरल्यावरही नेमकं हेच होतं. अंदाज करू नये, मीटर लावावा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, पाण्यात घालून प्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. साताऱ्याचा कंदी पेढा इथे कामाचा नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आकडा 70 च्या वर आणि नेहमीसारखा असेल, तर गोळी कधी चुकली ते आठवावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळवावं. मात्रा नेहमी त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू उतरवायची. मनात मरणाचे विचार येऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

नवी गोळी सुरू झाली किंवा मात्रा बदलली, की पहिले तीन-चार आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी. तारीख, गोळीचं नाव आणि आकडा एकाच वहीत मांडून ती दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, तीन महिन्यांनी. द्राक्षबागेत किंवा गुऱ्हाळावर काम करून आल्यावर मात्र आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटावरच्या रसाने मीटर नसलेली साखर दाखवतो आणि त्या आकड्यावर इन्शुलिन वाढवलं जातं.