सावकाश थंड केलं तरच

सेंद्रिय (कार्बनी रेणूंच्या) स्फटिकांकडून अतिसंवाहकतेची, म्हणजे जराही रोध न होता वीज वाहण्याची, अपेक्षा फार थोड्यांना होती. १९८० साली पॅरिसजवळच्या ओर्से इथल्या डेनी जेरोम यांच्या गटाने ती दाखवून दिली. कोपनहेगनच्या क्लाउस बेचगार्ड यांनी बनवलेल्या क्षारावर वातावरणाच्या सुमारे १२ हजार पट दाब दिल्यावर ०.९ केल्विनला (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस) त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला.

त्याच कुळातल्या परक्लोरेट क्षाराला दाबाचीही गरज लागत नाही. तो सुमारे १.२ केल्विनला आपणहून अतिसंवाहक होतो, मात्र सावकाश थंड केला तरच. त्यातला परक्लोरेट आयन (क्लोरीन-ऑक्सिजनचा विद्युतभारित गट) दोन दिशांना तोंड करून बसू शकतो. हळूहळू थंड केलं तर २४ केल्विनच्या आसपास हे आयन एकाआड एक शिस्तीत लागतात. झटकन गोठवलं तर कसेही अडकतात आणि तोच स्फटिक चुंबकीय रोधक, म्हणजे वीज वाहू न देणारा, बनतो. गंमत म्हणजे वीज वाहते ती शेजारच्या सेंद्रिय रेणूंच्या रांगांतून, आयनातून नाही!

रेणूंची ही चुळबुळ कळते कशी? एनएमआरने, म्हणजे एमआरआयच्या मूळ तंत्राने. १ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचं केंद्रक ४२.६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतं. लहरींनी विचलित झालेली केंद्रकं पूर्वस्थितीला यायला किती वेळ घेतात, ते मोजायचं. आजूबाजूचे अणू हलले की केंद्रकापाशी चुंबकीय क्षेत्र थरथरतं. झोका जसा नेमक्या तालात ढकलला तरच उंच जातो, तशी ही थरथर केंद्रकाच्या वारंवारतेशी जुळली की परतीचा वेळ सर्वांत कमी होतो. हे गणित ब्लोमबर्गेन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. तापमान बदलत मोजत गेलं की रेणूचा कोणता भाग किती वेगाने हलतोय आणि त्याला किती ऊर्जा लागते, दोन्ही हाती येतं. इलेक्ट्रॉनांची खबर हवी असेल तर कार्बन-१३ किंवा सेलेनियम-७७ बरं, कारण ती केंद्रकं त्यांच्या वाटेवरच असतात.

'ईटी' नावाच्या दुसऱ्या एका सेंद्रिय रेणूच्या क्षारांत हाच खेळ टोकांच्या इथिलीन गटांचा (कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या तुकड्यांचा) आहे. हे गट दोन आकारांत डोलतात आणि ७०-८० केल्विनच्या सुमारास काचेसारखे गोठतात. त्यांपैकी एका तांबे-ब्रोमीनयुक्त क्षारात अतिसंवाहकता ११.६ केल्विनपर्यंत टिकते. त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलं, की तो रोधकाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो, आणि मग भराभर थंड केलं तर त्याचा बराच भाग रोधकच होतो.