नदीकाठचे शेजारी, मैदानावरचे वैरी

वेस्ट हॅम आणि मिलवॉल या लंडनच्या दोन क्लबांच्या समर्थकांमधलं वैर इंग्लिश फुटबॉलमधल्या सर्वांत कडव्या वैरांपैकी एक मानलं जातं. पण दोघांचं मूळ थेम्सकाठच्या शेजारशेजारच्या कामगार वस्त्यांत आहे. मिलवॉल १८८५ मध्ये एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला, तर वेस्ट हॅम १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातून जन्माला आला. १९२६ च्या सार्वत्रिक संपात मिलवॉलवाल्यांनी संप मोडून गद्दारी केली, असं सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि मिलवॉल तर १९१० मध्येच नदीपलीकडे गेला होता. पण वैराला पुरावा कशाला लागतो? बोली एक, कामं एक; वेगळेपण दाखवायला समोरचा संघच उरतो.

संघटित हुल्लडबाजी मात्र १९६० च्या दशकातली. तरुणांच्या खिशात पैसा आला, रेल्वेने समर्थकांसाठी स्वस्त ‘फुटबॉल स्पेशल’ गाड्या सोडल्या, आणि परगावच्या मैदानात घुसून गोलपोस्टमागचा यजमानांचा स्टँड काबीज करणं हाच एक खेळ झाला. पोलिसांनी दोन्हीकडचे समर्थक वेगळे केले, जाळ्या ठोकल्या. मारामारी मैदानातून स्टेशनांवर आणि पबबाहेर सरकली.

पुढची चाल चलाख होती. स्पेशल गाडीवर पोलिसांची नजर असते, म्हणून वेस्ट हॅमची टोळी साध्या इंटरसिटी गाडीने जाऊ लागली. त्यावरूनच तिचं नाव पडलं ‘इंटर सिटी फर्म’. मार खाल्लेल्याजवळ ही मंडळी छापील कार्ड टाकून जात: अभिनंदन, तुमची आयसीएफशी गाठ पडली! लीड्सच्या ‘सर्व्हिस क्रू’ टोळीचं नावही साध्या रेल्वेसेवेवरूनच आलं. युरोपातल्या सामन्यांना जाणाऱ्या लिव्हरपूलच्या पोरांनी १९७० च्या दशकाअखेरीस तिकडचे महागडे स्पोर्ट्स कपडे आणले आणि ‘कॅज्युअल’ पंथ सुरू झाला. क्लबचा स्कार्फ गेला, लाकोस्त आणि सर्जिओ ताकिनी हे ब्रँड आले. पोलीस बूट आणि स्कार्फ शोधत राहिले. वैरी मात्र एकमेकांना जॅकेटवरून ओळखत. क्लबसाठी लढणाऱ्यांच्या अंगावर क्लबचा रंगच नव्हता, ही गंमतच.

२९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूलच्या समर्थकांनी इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या समर्थकांवर चाल केली. पळापळीत भिंत कोसळली, ३९ जण मेले. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर सहा.

१९८९ मध्ये हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेला मात्र या यादीत घुसडू नये. तिथले ९७ बळी दंगलीचे नव्हते. २०१६ च्या चौकशीत ज्यूरीने समर्थकांना निर्दोष ठरवलं आणि पोलिसांच्या चुका दाखवल्या. दुर्घटनेनंतर लगेचच झालेल्या सरकारी चौकशीच्या टेलर अहवालामुळे वरच्या स्तरांतल्या मैदानांमधले उभे स्टँड जाऊन खुर्च्या आल्या. पुढे कॅमेरे वाढले, तिकिटं महागली, मैदानबंदीचे कायदे कडक झाले.

तरीही ऑगस्ट २००९ मध्ये लीग कपात वेस्ट हॅम आणि मिलवॉल समोरासमोर आले, तेव्हा वेस्ट हॅमच्या त्या वेळच्या अप्टन पार्क मैदानाबाहेर दंगल उसळली, एकाला भोसकलं गेलं आणि प्रेक्षक मैदानात उतरले.