पाण्याचे धारयंत्र

पाण्यात खालची कड बुडवून सावकाश फिरणाऱ्या चाकावर हत्यारांना धार लावण्याचे यंत्र. पटाशी, रंध्याचे पाते, लाकूड कातण्याची हत्यारे, सुऱ्या, कात्र्या व कुऱ्हाडी यांसाठी ते वापरतात. पाण्याचे मुख्य काम पोलाद थंड ठेवणे हे आहे. धारेची कड फार पातळ असल्याने घर्षणाची उष्णता तेथे चटकन साठते. कार्बनी पोलाद सुमारे २३०° से. ला पिवळसर व ३००° से. च्या आसपास निळे पडते. निळे पडले की हत्याराचे पाणी उतरले, म्हणजे त्याचा कठीणपणा गेला, असे समजतात. एवढा भाग घासून काढल्याशिवाय तेथे टिकाऊ धार येत नाही. द्रुतगती पोलाद (तापले तरी कठीण राहणारे मिश्र पोलाद) सुमारे ६००° से. पर्यंत कठीणपणा राखते, म्हणून त्याच्या बाबतीत हा धोका कमी असतो.

फिरत्या धारचाकाचा उगम वादग्रस्त आहे. दांड्याने फिरवायच्या धारचाकाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र यूट्रेख्ट स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या एका सचित्र हस्तलिखितात, आढळते. हे हस्तलिखित फ्रान्समधील रँस शहराच्या परिसरातील मठात साधारणपणे इ. स. ८२० ते ८३५ च्या दरम्यान तयार झाले असावे. शत्रू जिभा तलवारीसारख्या पाजळतात, असे वर्णन असलेल्या स्तोत्राशेजारी हे चित्र आहे. त्यात एका बाजूला साध्या निसण्यावर आणि दुसऱ्या बाजूला फिरत्या चाकावर तलवारीला धार लावताना दाखवले आहे. दुर्जनांकडे जुने साधन व सज्जनांकडे नवे, हा विरोध चित्रकाराने जाणून केला, असे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट मानतात. मात्र संहितेतील चित्रे उत्तर-प्राचीन काळातील नमुन्यावर बेतलेली आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास हे चाक आणखी काही शतके मागे जाते. फिरवायचा दांडा मुळात त्याहून जुना आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातील धान्य पाखडण्याच्या यंत्रात तो दिसतो. स्वित्झर्लंडमधील ऑग्स्ट येथील रोमन अवशेषांतही असा एक लोखंडी दांडा सापडला असून त्याचा काळ इ. स. दुसरे शतक मानतात. पण या दोन्ही पुराव्यांचा धारेशी संबंध दाखवता येत नाही. म्हणून इ. स. ८३० च्या सुमारास हे साधन युरोपात माहीत होते, एवढेच विधान करणे अधिक सुरक्षित ठरते. चाकावर पाणी सोडण्याची रीत नेमकी केव्हा रुळली, हे या चित्रावरून ठरवता येत नाही.

पुढे वालुकाश्माची मोठी चाके पाणचक्कीवर व नंतर वाफेवर फिरू लागली. इंग्लंडमधील शेफील्डमध्ये जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासत. तेथील कामगारांना दगडाच्या धुळीमुळे फुप्फुसाचा असाध्य रोग जडे. ओल्या दगडावर सुऱ्या घासणाऱ्यांना हा त्रास त्यामानाने कमी होत असे. धूळ दाबणे हा पाण्याचा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सिलिकॉन कार्बाइड व ॲल्युमिनियम ऑक्साइड ही कृत्रिम अपघर्षके (घासण्याचे कठीण पदार्थ) आली आणि नैसर्गिक दगड मागे पडले. आज घरगुती कार्यशाळेत दिसणाऱ्या विजेच्या यंत्राचे रूप बव्हंशी टॉर्मेक या स्वीडिश कंपनीने रुजवले. तिची स्थापना १९७३ मध्ये झाली.

नेहमीच्या मोठ्या यंत्राचे चाक २५० मिमी. व्यासाचे व ५० मिमी. रुंद असून मिनिटाला सुमारे ९० फेरे घेते. म्हणजे कडेची गती सेकंदाला साधारण १.२ मी. भरते. कोरड्या ग्राइंडरच्या १५० मिमी. चाकाची गती मिनिटाला २,८५० फेरे धरल्यास सेकंदाला २२ मी. होते. ओल्या चाकावर काम हळू का होते आणि तरीही ते शिकाऊ हाताला का मानवते, हे या आकड्यांवरून कळते. दगडाचा दाणा २२० क्रमांकाचा असतो; क्रमांक जितका मोठा, तितका दाणा बारीक. दुहेरी घासणदगड दाबून त्याचा पृष्ठभाग सुमारे १,००० क्रमांकाइतका बारीक करता येतो व पुन्हा खरखरीतही करता येतो. आसाच्या दुसऱ्या टोकाला धारेवर शेवटचा हात फिरवण्यासाठी चामड्याचे चाक असते.

धार लावायला शिकताना सरळ पटाशीपासून सुरुवात करणे उत्तम. आधी पाठ सपाट करून घ्यावी. पाठ वाकडी असेल तर पुढची सारी मेहनत वाया जाते. जुना कोन राखायचा असल्यास उतारावर (धारेकडे तिरप्या घासलेल्या भागावर) मार्कर पेनची शाई फासून चाक हाताने थोडेसे फिरवावे. शाई फक्त टोकाकडची गेली तर कोन जास्त लागला आहे आणि फक्त टाचेकडची, म्हणजे उताराच्या मागच्या कडेची, गेली तर कमी. हत्यार ज्यावर टेकवतात ती आधारदांडी वरखाली करून शाई पूर्ण उतारावरून सारखी निघेल असे जुळवावे. दगड धारेच्या दिशेने येत असेल, तर कड टेकताच पाणी पात्यावर चढते. ते पूर्ण रुंदीवर सारखे पसरले की कड सरळ टेकली आहे असे ओळखावे. पटाशी डावीउजवीकडे सतत सरकवत राहावी, नाहीतर दगडात चर पडतो. पाठीकडून कडेच्या बाहेर बोट ओढले असता बारीक खरखर लागते, तिला बर म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागेपर्यंत थांबू नये. शिकणाऱ्यांची घाई बहुतेक येथेच होते. चामड्यावर मात्र चाक धारेपासून दूर जाईल असेच हत्यार धरावे, नाहीतर ते चामड्यात घुसते.

चाकाच्या गोलाईमुळे उतार किंचित खोलगट होतो. १० मिमी. लांबीच्या उतारावर ही खोली २५० मिमी. चाकाने ०.१ मिमी. व १५० मिमी. चाकाने सुमारे ०.१७ मिमी. येते. हा फरक लाकूडकामात जाणवण्याइतका नाही, असे मानणे योग्य वाटते. चाक झिजून लहान झाले की आधार त्याच जागी ठेवूनही कोन बदलतो, म्हणून कोनमापकावर चाकाचा व्यास लावून घ्यावा लागतो. दगड असमान झाल्यास हिऱ्याच्या टोकाने पुन्हा सम करतात. काम संपल्यावर पाण्याचे भांडे खाली उतरवावे. दगड पाण्यात तसाच राहिला तर एका बाजूने पाणी शोषून धरतो आणि पाणी गोठल्यास तडकू शकतो.

हिरे किंवा घन बोरॉन नायट्राइड (हिऱ्याखालोखाल कठीण असा कृत्रिम पदार्थ) जडवलेल्या पोलादी चाकांचा व्यास झिजत नाही. त्यांच्यासाठी पाण्यात गंजरोधक द्रव मिसळतात.