पॅलिओग्राफी की डिप्लोमॅटिक्स? वाचता आलं म्हणून दस्त खरा ठरत नाही

युरोपच्या मध्ययुगावर किंवा रेनेसाँवर एमए, पीएचडी करायची म्हटली की हे दोन विषय हमखास शेजारीशेजारी भेटतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं की दोन्ही म्हणजे जुने कागद वाचणंच. काहींना तर डिप्लोमॅटिक्स म्हणजे परराष्ट्र धोरण वाटतं. मूळ ग्रीक 'डिप्लोमा' म्हणजे घडी घातलेला दस्त, राजनय वगैरे अर्थ फार नंतरचा.

पॅलिओग्राफी म्हणजे अक्षराचा अभ्यास. चामडं महाग, लिहायचं भरपूर, म्हणून मध्ययुगातले लेखनिक लॅटिन शब्द सर्रास तोडून लिहायचे. एकटं 'पी' अक्षर घ्या ना, खाली उतरणाऱ्या दांडीवर आडवी रेघ मारली तर ते 'पेर', डोक्यावर रेघ दिली तर 'प्रे' आणि पोटाखालून डावीकडे वळवलेली शेपटी काढली तर 'प्रो', म्हणजे रेघ कुठे आहे हे चुकलं की वाक्यच फिरलं. आणि गॉथिक लिपीत 'मिनिमुम' शब्द म्हणजे ओळीने पंधरा उभ्या काड्या, 'आय'वर टिंबसुद्धा बहुतेकदा नसतं, तुम्ही मोजत बसायचं. मोडी शिकलेल्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. पण एकदा डोळा बसला की अक्षराच्या वळणावरून ते साधारण कुठल्या काळातलं, कुठल्या भागातलं हे सांगता येतं, आणि तो आनंद खरंच मोठा आहे.

डिप्लोमॅटिक्सचा प्रश्नच वेगळा, हा दस्त स्वतःला जो म्हणवतो तो आहे का? त्यासाठी मायना कसा, कलमं कुठल्या क्रमाने, साक्षी कोण, तारीख कशी घातलीय, शिक्का कसा लावलाय हे सगळं त्या कचेरीच्या रिवाजाशी ताडून बघायचं. पोपच्या पत्राला शिशाचा शिक्का, एका बाजूला संत पीटर आणि पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव, आणि तेराव्या शतकात हक्क किंवा सवलत दिली असेल तर दोरा रेशमी, नुसता हुकूम असेल तर हेंपचा, म्हणजे तागासारख्या तंतूचा, जाडाभरडा. दोऱ्यावरून शंका घेता येते, बघा! आपल्याकडे शिवकालीन पत्रात वरचा शिक्का आणि शेवटची 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब तपासतात, ते याच जातीचं काम.

दोन्हींची उत्तरं उलटसुलट येतात तेव्हा खरी मजा. समजा मठात आठव्या शतकातलं दानपत्र आहे पण अक्षर बाराव्या शतकातलं. पॅलिओग्राफी म्हणणार बाराव्या शतकातलं, आणि ते बरोबरच, पण म्हणून दान खोटं होत नाही, मूळ दस्त जीर्ण झाला म्हणून कुणी प्रामाणिकपणे नक्कल केली असेल, किंवा जमिनीचा वाद लागला म्हणून नवीनच रचलं असेल, आणि हे अक्षर सांगू शकत नाही. पॅरिसचा बेनेडिक्टिन साधू जाँ माबियाँ याच भानगडीत पडला. पापेब्रोख नावाच्या जेझुइट अभ्यासकाने 1675 मध्ये जुन्या मठांच्या दानपत्रांवर संशय घेतला, त्याला उत्तर म्हणून माबियाँने 1681 मध्ये लॅटिन ग्रंथ काढला आणि डिप्लोमॅटिक्स उभं राहिलं. अक्षरांचा पद्धतशीर अभ्यासही त्यातच सुरू झाला, 'पॅलिओग्राफी' हे नाव मात्र माँफोकाँ या दुसऱ्या बेनेडिक्टिन साधूच्या 1708 च्या ग्रंथामुळे रूढ झालं. म्हणजे मूळ एकच, गोंधळ होतो त्यात नवल नाही.

लोरेंझो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने 1440 मध्ये कॉन्स्टंटाइनचं दानपत्र, म्हणजे रोमन सम्राटाने पोपला पश्चिमेची सत्ता दिली असं सांगणारा दस्त, खोटं ठरवलं ते नेहमी डिप्लोमॅटिक्समध्ये टाकतात, मला ते तितकंसं पटत नाही, कारण त्याने मुख्यतः भाषा पकडली, चौथ्या शतकातल्या रोमन दस्तात 'सत्रप', म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले असं त्याचं म्हणणं. दोन्हींपेक्षा ते भाषाशास्त्राचं काम.

आधी काय घ्यायचं? पॅलिओग्राफी, कारण वाचताच आलं नाही तर पुढे काय तपासणार. पण डिप्लोमॅटिक्स सोडू नका. फ्लॉरेन्सच्या दस्तावर 10 फेब्रुवारी 1450 असं अगदी स्वच्छ अक्षरात वाचलंत तरी ते आपल्या हिशोबाने 1451 असतं, कारण तिथे नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं.