जांघेतल्या गाठी आणि रोबोचे हात

वाळवा-शिराळ्याकडे पायात काटा मोडून चिघळला की जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येतं. तिथल्या लसिका ग्रंथी, म्हणजे अंगात झिरपणारा लसिका हा पातळ द्रव गाळणाऱ्या गाठी, पायाच्या राखणीला असतात, तशाच लिंगाच्या त्वचेतून निघणारी लसिकाही त्यांच्यातूनच गाळली जाते. त्यामुळे लिंगाचा कर्करोग पसरू लागला की त्याचा पहिला मुक्काम जांघेत आणि पुढचा ओटीपोटातल्या ग्रंथींत. हा क्रम तो सहसा मोडत नाही, म्हणून वेळेत ग्रंथी काढल्या तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

पण वेळ ओळखायची कशी? गाठ हाताला लागली तरी ती निव्वळ जंतुसंसर्गाची असू शकते. आणि काहीच लागत नाही अशा रुग्णांपैकी सुमारे २० ते २५ टक्के जणांत कर्करोगाच्या पेशी तिथं पोचलेल्या असतात. सीटी स्कॅनलाही त्या अनेकदा दिसत नाहीत. मग लिंगावरची मूळ गाठ किती खोल गेलीय आणि तिच्या पेशी किती आक्रमक आहेत, यावरून जोखीम ठरवतात. ती जास्त असेल तर दोन्ही जांघांतल्या ग्रंथी काढून तपासणं हा एक मार्ग.

खरी गोची आहे ती कातडीची. जुन्या पद्धतीत जांघेवरच लांब छेद घेतात. तिथं घडी पडते, घाम साचतो, आणि खालचा थर सोडवला की कातडीचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो. कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, पाणी साचतं. जखम भरायला कधी कधी महिने लागतात. ज्याच्या जांघेत हाताला काही लागत नाही, त्याला एवढ्या हालात ढकलायला सर्जनही कचरत.

नव्या पद्धतीत छेद जांघेतून हलवून खाली मांडीवर नेला. तिथं तीन-चार छोटी छिद्रं पाडून कातडीखाली कार्बन डायऑक्साइड भरतात आणि त्या पोकळीतून वर जांघेपर्यंत काम करतात. दुर्बिणीनं असा प्रयत्न २००३ मध्ये नोंदवला गेला, रोबोनं २००९ मध्ये. रोबो स्वतः काहीच ठरवत नाही; शेजारी बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. ग्रंथी जवळपास तेवढ्याच निघतात, जखमेचा त्रास मात्र बराच कमी होतो. पायाच्या सुजेचं तसं नाही. लसिकेचा रस्ताच काढून टाकल्यावर छिद्र लहान की मोठं, यानं फारसा फरक पडत नाही.

आणि साध्या दुर्बिणीनंही हेच ऑपरेशन होतं. रोबोची मनगटं अरुंद जागेत जास्त वळतात, एवढं खरं. पण केवळ त्यासाठी कुणी रान गहाण टाकावं, असं मला वाटत नाही.

मिरजेला उपचारासाठी जतपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंतचे लोक येतात. या दुखण्यात लाजेपायी मेडिकलमधलं मलम लावत महिने काढणारे कमी नाहीत. तोवर गाठी एकमेकींना चिकटून कातडीत उतरल्या असतील, तर छोट्या छिद्रांचा उपयोग नसतो. प्रकृती झेपत असेल तर बहुधा आधी केमोथेरपी देतात, आणि गाठी आटोक्यात आल्या तर जांघ उघडूनच, वरच्या कातडीसकट त्या काढतात.