काळोखात बोट कुठे सरकली? कानाच्या अंदाजाची पार्श्वभूमी

हर्णै बंदराबाहेर पहाटेच्या काळोखात बोटीची फटफट ऐकू येते. ती कुठल्या अंगाला आहे हे जेटीवरचा माणूस लगेच सांगतो, पण कुठे चालली आहे ते सांगायला जरा थांबतो. हे थांबणं का, याचा शोध बराच जुना आहे.

1880च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी धुक्यात भोंग्याची दिशा कळावी म्हणून ‘टोपोफोन’ बनवला. खांद्यांवर दोन कर्णे, त्यांच्या नळ्या कानांत. चित्र पाहून हसू येतं, पण कल्पना पक्की होती: दोन कानांतलं अंतर वाढवायचं. 1907 मध्ये लॉर्ड रॅले यांनी यामागचं कारण मांडलं. खर्जातला आवाज दोन कानांवर किंचित मागेपुढे पोचतो, तर चढ्या आवाजाला डोकं आड येतं आणि पलीकडच्या कानाला तो मंद लागतो.

नेमकं मोजमाप 1958चं, ए. डब्ल्यू. मिल्स यांचं. आवाज अगदी समोर असेल तर सुमारे एका अंशाचा फरक कळतो. बाजूला असेल तर कान बराच ढिला पडतो. म्हणून तोंड आवाजाकडे वळवलेलं बरं. आता हिशेब करू. 500 मीटरवर ताशी 10 किलोमीटरने आडवी जाणारी बोट एक अंश सरकायला तीन सेकंद घेते. मिल्स यांचे प्रयोग प्रतिध्वनी नसलेल्या खोलीतले होते. इथे समुद्राची गाज असते, त्यामुळे वेळ आणखी लागणार.

शिवाय हा स्थिर आवाजांतला फरक होता. 1977 मध्ये पेरट आणि म्युझिकंट यांनी आवाज फिरता ठेवला. सेकंदाला 90 अंश वेगाला हालचाल ओळखायला सुमारे 8 अंश लागले, 360 अंशांना सुमारे 21. म्हणजे वेग वाढला की कान मागे पडतो. 1986 मध्ये ग्रँथम यांनी सुचवलं की कान वेग असा वेगळा टिपत नाही. आवाज आधी कुठे होता आणि आता कुठे आहे, एवढंच ताडून पाहतो. सगळ्यांना ते पटलं नाही. मला मात्र जेटीवरच्या त्या थांबण्याशी ते जुळतं असं वाटतं.

बोट सरळ आपल्याकडेच येत असेल तर कोन बदलतच नाही. मग भिस्त आवाज मोठा होतोय की लहान यावर. 1998 मध्ये जॉन न्यूहॉफ यांना दिसलं की तेवढाच बदल असूनही मोठा होत जाणारा सूर लोकांना लहान होत जाणाऱ्या सुरापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो. नुसत्या खरखरीच्या आवाजावर मात्र हा फरक आढळला नाही.